कस्तुरा ओव्हाळची पाच वर्षांची पदवी

बारावीच्या वर्गात बेडूक फाडायचा दिवस आला तेव्हा निम्म्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. कस्तुरा ओव्हाळ मात्र टेबलावर इतकी वाकली, की काटे बाईंना तिला खांद्याला धरून मागं ओढावं लागलं. बाईंनी बेडकाचं हृदय अलगद कापून काढलं आणि मिठाच्या पाण्याच्या काचेच्या बशीत ठेवलं. वाटाण्यापेक्षा जरासं मोठं. अंगापासून तुटलं होतं, तरी धडधडत होतं. बाकीच्या मुली डबा खायला गेल्या. कस्तुरा बशीपाशीच उभी राहिली.

"बाई, याला आता कोण सांगतंय?"

"काय सांगतंय?"

"चाल म्हणून."

काटे बाई हसल्या. इंद्रायणी काटे त्यांचं पूर्ण नाव. पिंपळ्याच्या शेतकरी घरातल्या, त्या घरात एम.एस्सी. झालेल्या पहिल्या. "कुणी सांगत नाही. त्याचं तेच चालतं. का चालतं, ते शिकायचं तर एक वेगळं शास्त्र आहे बरं का. शरीरक्रियाशास्त्र."

कस्तुरानं तो शब्द घरी जाईपर्यंत मनात घोळवला. पिंपरीहून भोसरीपर्यंत बस आणि तिथून दिघीपर्यंत लष्कराच्या तारेच्या कुंपणाकडेनं पायी, एवढ्या वाटेत तो पाठ झाला.

घरी जाईबाईला, म्हणजे तिच्या आईला, तो शब्द काही उचलेना. शेजारच्या गोजाबाईनं चौकशी केली.

"म्हंजी नरस व्हणार का गं?"

"नाही काकू."

"मंग सुईन?"

"नाही. शरीर आतून कसं चालतं ते शिकायचं."

"आन् शिकून?"

कस्तुरानं दप्तर खुंटीला अडकवलं. गोजाबाईनं जाईबाईकडं असं पाहिलं, की पोरीला स्थळ बघायला लागा आता.

बाप भिवा कोपऱ्यातून ऐकत होता. तो भोसरीच्या एका फाउंड्रीत होता. एमआयडीसी नवी नवी आली तेव्हाच, जमिनी गेलेल्या मालकांची पोरं धुरळ्यात काम करायला नको म्हणाली आणि ज्यांना जमिनीच नव्हत्या ते भरती झाले, त्यांत भिवा लागला. ओतलेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू छिन्नीनं, यंत्रानं झाडायची, हे त्याचं काम. तोंडाला एक फडकं बांधायचं, एवढाच बंदोबस्त. संध्याकाळी तो घरी आला की भुवयांपर्यंत राखाडी असायचा, आणि अंघोळ करूनही खोकल्यातून ती वाळू निघते आहे असं वाटायचं. आता त्याला भोसरीहून चालत येताना मधे दोनदा बसावं लागत होतं. तो म्हणायचा, वय झालं. पन्नाशीही उलटली नव्हती.

सत्त्याहत्तर साली बारावीची परीक्षा नव्यानंच सुरू झाली होती. पहिलीच तुकडी, त्यामुळं कुणालाच काही धड माहीत नव्हतं. कस्तुराला मार्क चांगले पडले, पण डॉक्टरीला लागतात त्याहून थोडे कमी. वस्तीतले लोक हळहळले. तिला काही फारसं वाईट वाटलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात काटे बाईंनी तिला बोलावून पेपरातली जाहिरात दाखवली. दूरच्या एका राज्यातल्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम होता, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. एकत्र, मधे कुठं दुसरीकडं अर्ज करायला नको. जागा थोड्या. त्यातल्या काही राखीव, आणि राखीव जागेवरच्या मुलांना वसतिगृह आणि शिष्यवृत्ती.

"हे तुझ्यासाठीच काढलंय असं वाटतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः तिच्याकडून अर्ज भरून घेतला, शिफारस लिहिली, पोस्टात टाकला.

उत्तर लवकर आलं. त्यात लिहिलं होतं, की अर्जदार बौद्ध असल्यानं राखीव जागेसाठी धरता येत नाही; अनुसूचित जातीचा योग्य दाखला असल्यास मुदतीत पाठवावा.

काटे बाई चक्रावल्या. "अगं, आपल्याकडं तर नवबौद्धांना सवलत आहे."

"आपल्याकडं," कस्तुरा म्हणाली.

राज्याची सवलत राज्याच्या हद्दीत. बाहेर गेलं की धर्म बदललेला माणूस कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. बाई तिला घेऊन पुण्याला तहसील कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाला यात नवीन काहीच नव्हतं. पान लावता लावता तो म्हणाला, "हिंदू महार लिहून देतो की. गावच्या जुन्या दप्तरात आजोबाच्या नावापुढं तेच असणार. वडिलांनी प्रतिज्ञापत्रावर सही करायची, झालं. कितीतरी जण नेतात."

"पण शाळेच्या दाखल्यावर बौद्ध आहे," कस्तुरा म्हणाली.

"दाखला कोण बघतंय?"

त्या दिवशी घरी कुणाला धड जेवण गेलं नाही. जाईबाईला यात अडचणच दिसेना. "येक शबूद तर लिहायचा हाय. पोरगी शिकती. कागदावर काय का असंना, आपल्या मनात हाय ते हाय."

भिवा भिंतीला टेकून बसला होता. कस्तुराला दीक्षेच्या वर्षाच्या गोष्टी त्याच्याच तोंडून ठाऊक होत्या. तो तरणाताठा असताना वस्तीनं एका दिवसात ठरवलं, की मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि देव पाण्यात सोडायचे. मग गावानंही ठरवलं. वेशीपाशी बैल मरून पडला आणि आठवडाभर सडत राहिला, कुणी हलवला नाही. गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण बंद केलं. भिवाची आई तानुबाई जोंधळ्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन आळंदीपर्यंत दळायला जायची, आणि त्याच पावसाळ्यात भिजून आजारी पडली ती उठली नाही. मरताना तिनं हाताला गंडा बांधू दिला नव्हता. भिवा ही गोष्ट सांगायचा तेव्हा त्यात रडणं नसायचं. अभिमान असायचा. त्याच्याकडं अभिमान बाळगावा अशी ती एकच गोष्ट होती.

"आबा, तुम्ही नको म्हणाला तर मी अर्ज सोडून देते," कस्तुरा म्हणाली.

"म्या न्हाई म्हणायचो न्हाई."

"मग हो म्हणा."

"व्हय बी म्हणायचो न्हाई. मला इचारू नगं. कुटं सही करायची तेवडं दाव."

दोन दिवसांनी तो कामावर खाडा करून पुण्याला गेला. प्रतिज्ञापत्र त्यानं वाचायला मागितलं. कारकून म्हणाला, वाचायचं काय त्यात, पण त्यानं वाचलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, रात्रशाळेत शिकला होता तसं. 'मी हिंदू धर्मीय असून' इथं बोट थांबलं. मागच्या माणसानं ढोसलं. मग त्यानं सही केली. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून बसला आणि दिघी येईपर्यंत एकदाही खोकला नाही. खोकला दाबून धरला असावा, कारण उतरल्यावर तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला वाकून उभा होता.

पुढं सगळं झपाट्यानं झालं. मुलाखतीला बोलावणं आलं. वस्तीतल्या कुणी पिशवी दिली, कुणी दशम्या बांधल्या. गोजाबाईनं आपल्या सुनेचं कोरं लुगडं दिलं, "पर परत आन गं," असं म्हणत. भिवा सोबत निघाला. लांबचा प्रवास, दोनदा गाडी बदलायची. डब्यात कुणी विडी पेटवली की भिवाचा जीव घाबरा व्हायचा, तरी तो कुणाला विझव म्हणाला नाही. फलाटावर त्यानं कस्तुराला विचारलं, "तितं पाच वरसं ऱ्हायाचं म्हंजी जेवान कसलं आसंल गं? भात खात्यात का भाकरी?"

"भात असेल."

"तुला भात सोसत न्हाई." मग स्वतःशीच, "व्हईल सवय."

विद्यापीठ मोठं होतं, आवारात जुनी झाडं. भिवा खिडकीजवळच्या एका झाडाखाली बसला आणि कस्तुरा आत गेली.

टेबलामागं तिघं होते. मधले म्हातारे प्राध्यापक, पातळ केसांचे, शर्टावर शाईचे डाग. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हा विषय का घ्यावासा वाटला. कस्तुराचं इंग्रजी तोडकंमोडकं. तिनं बेडकाचं हृदय सांगायला सुरुवात केली आणि मधेच अडली. प्राध्यापक हिंदीत म्हणाले, "आरामसे. आगे?" मग ती हिंदीत बोलली. आपल्याला काय प्रश्न पडला ते सांगितलं. पाणी गार असलं तर ठोके मंद होतील का, हे तिनं काटे बाईंना विचारलं होतं आणि दोघींनी बर्फ आणून करून पाहिलं होतं, तेही सांगितलं. म्हातारे प्राध्यापक खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी कागद ओढला, त्यावर हृदय काढलं आणि विचारलं, ठोका कुठून सुरू होत असेल? तिनं बोट ठेवलं. चुकीच्या जागी ठेवलं. ते म्हणाले, नाही, पण असं का वाटलं? तिनं कारण सांगितलं. ते हसले आणि शेजारच्याला म्हणाले, कारण बरोबर आहे, जागा चुकली. आयुष्यात तिच्या चुकीचा एवढा मान कुणी केला नव्हता. पुढं कधी कुणी विचारलं असतं, की तू सुखात कधी होतीस, तर तिनं ती खोली सांगितली असती.

मग डाव्या बाजूचा माणूस खाकरला. तो कचेरीतला अधिकारी होता. त्यानं दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक तहसीलदाराचा, एक शाळा सोडल्याचा.

"यातलं खरं कुठलं?"

कस्तुरानं एका कागदावर बोट ठेवलं. "शाळेचं."

"मग हे?"

"हे... तुमच्याकडून मागितलं होतं म्हणून."

"आम्ही योग्य दाखला मागितला होता. खोटा नाही." माणूस उद्धट नव्हता. कंटाळलेला होता. "हे दोन एकत्र असताना आम्हाला काही करता येत नाही. तुमच्यावर कारवाईही करता येईल, ती आम्ही करत नाही."

"वडिलांनी सही केली ती खोटी नाही," ती म्हणाली. तिला पुढं बरंच सांगायचं होतं, गिरणीचं, आळंदीचं, पण ते हिंदीत येईना. मराठीत तरी आलं असतं की नाही कुणास ठाऊक. तिनं म्हाताऱ्या प्राध्यापकांकडं पाहिलं. ते आपण काढलेल्या हृदयाकडं बघत होते.

"खुल्या जागेवर?" त्यांनी हळूच विचारलं.

"खुल्या जागा भरल्या, सर," अधिकारी म्हणाला.

ती बाहेर आली तेव्हा भिवा उभाच होता.

"काय म्हनलं?"

"कळवतील."

"बरं बोललीस का?"

"हो. एक सर फार चांगले होते."

भिवाचा चेहरा असा उजळला, की तिला पुढं बोलवेना. स्टेशनवर त्यानं केळी घेतली. परतीच्या सगळ्या वाटेत तो तिला विचारत राहिला, त्या सरांनी काय विचारलं, तू काय म्हणालीस, आणि तिनं ते सगळं सांगितलं, तेवढंच सांगितलं. घरी नकाराचं पत्र आलं तेव्हा ती म्हणाली, "मार्क कमी पडले." भिवानं मान हलवली.

काटे बाईंना तिनं खरं सांगितलं. बाई रडल्या. त्या कचेरीत नेलं ते आपणच, असं म्हणत राहिल्या, आणि कस्तुरालाच त्यांची समजूत काढावी लागली. त्यांनी तिला पिंपरीच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं. शरीरक्रियाशास्त्र तिथं नव्हतं, प्राणिशास्त्र होतं. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी खुल्या जागेसाठी वेळेत अर्ज करू. पुढच्या वर्षी त्यांनी पेपर धुंडाळले, जाहिरातच आली नाही. मग बाईंनी त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं नव्हे, चांगलं पानभर. ते निवृत्त झाले होते. अभ्यासक्रम बंद केला होता. विद्यार्थी मिळत नाहीत, असं कारण दिलं गेलं, त्यांनी लिहिलं होतं; खुल्या जागेवरचे निम्मे दुसरीकडं निघून गेले, आणि राखीव जागा त्या वर्षी सगळ्याच्या सगळ्या रिकाम्या राहिल्या. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

बाईंनी पत्र वाचून दाखवलं. कस्तुरानं 'रिकाम्या' हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "चला, तास आहे."

दुसऱ्या वर्षाला असताना भिवाला कामावरून कमी केलं. कंपनीच्या डॉक्टरनं क्षय म्हणून शेरा मारला. सुयांनी उतार पडेना, तेव्हा कस्तुरा त्याला औंधच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, काम काय करत होता? भिवानं सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला. "क्षय नाही. वाळूची धूळ आहे ही. आत बसलीय."

"काढता येती का?" भिवानं विचारलं.

"नाही, बाबा."

कस्तुरानं कॉलेज सोडलं. काटे बाई दिघीपर्यंत आल्या, जाईबाईनं केलेला चहा घेतला, खूप बोलल्या, पण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं आणि ते त्यांनाही दिसत होतं. पिंपरीकडच्या एका औषधाच्या कंपनीत कस्तुराला काम मिळालं. औषध भरलेल्या काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरून त्यात कण दिसतो का पाहायचं. बारावी सायन्स म्हणून घेतलं होतं. त्यासाठी सायन्स लागत नव्हतं, डोळे लागत होते.

भिवा आता झोपू शकत नव्हता. उशांवर टेकून बसायचा. एका रविवारी दुपारी जाईबाई पाण्याला गेली असताना त्यानं कस्तुराला जवळ बोलावलं.

"तू ते शिकनार व्हतीस न्हवं, आत काय चालतं ते. मला सांग की. ह्यो दम कुटं आडतोय?"

तिनं एक क्षण विचार केला, की काहीतरी गोड सांगावं. मग नाही सांगितलं. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, की आत लहान लहान फुगे असतात, द्राक्षाच्या घडासारखे, श्वास घेतला की ते फुगतात आणि त्यांच्या पातळ पडद्यातून हवा रक्तात जाते. तुमचे पडदे जाड झालेत, आबा. व्रण भरल्यावर कातडी निबर होते तसे. फुगायला बघतात, फुगत नाहीत.

तो लक्ष देऊन ऐकत होता, शाळेतल्या मुलासारखा. "आन् काळीज?"

"काळीज चांगलं आहे. पण त्याला दुप्पट ओढावं लागतं."

"बिचारं," भिवा म्हणाला. थोडा दम घेऊन त्यानं विचारलं, "ह्ये समदं तुला ठावं हाय, तरी त्यांनी घेतलं न्हाई?"

"मार्क कमी होते म्हणून."

"मार्क कमी न्हवतं." त्यानं डोळे मिटले. "म्या झाडाखाली बसलो व्हतो. खिडकी उगडीच व्हती. हिंदी मला बी कळती, पोरी. फाउंड्रीत निम्मे भय्येच हायेत."

कस्तुराला काय करावं कळेना. एवढी वर्षं तो मान हलवत आला होता. तिला माफी मागायची होती, पण कशाची, तेही सांगता येईना. तिनं त्याची उशी नीट केली. त्यानं तिच्यावर मान टेकवली. जाईबाई हंडा घेऊन आली आणि म्हणाली, बापलेकी काय बोलताय गुपचूप, तर भिवा म्हणाला, "शिकवनी चालली हाय."

ऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडी तो गेला. कंपनीनं त्याच्या मरणाशी आपला काही संबंध नाही असं कळवलं. शेरा क्षयाचाच होता. कस्तुरानं औंधचा फोटो घेऊन दोन कचेऱ्या गाठल्या. मग एका ठिकाणी तो फोटो ठेवून घेतला आणि नंतर सापडेना असं सांगितलं. तिथून ती परत गेली नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. पुनावळ्याचा जयसिंग, चिंचवडला एका कारखान्यात लेथवर. माणूस निर्व्यसनी, कमी बोलणारा. सासू सोजरबाई कुणी आलं की सांगायची, "आमची सून बारावी सायन्स हाय बरं." त्यापुढं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि कस्तुरानं सांगितलं नाही. जयसिंगला एकदा सांगायला गेली. त्यानं ऐकलं, आणि म्हणाला, "जाऊ दे. किती जणांचं असं झालंय." तो वाईट बोलला नव्हता. खरंच बोलला होता. पण तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

काटे बाईंची बदली साताऱ्याकडं झाली. जाण्याआधी त्या कंपनीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता बाहेरून परीक्षा देता येते गं, घरी बसून. कस्तुरानं विचारलं, "सायन्सची?" बाई म्हणाल्या, सायन्सची नाही, आर्ट्सची. बाईंनी तिचा हात धरला होता. सगळ्या बाया पुढं निघाल्या होत्या, शिफ्टची बस सुटत होती, तेव्हा कस्तुरा म्हणाली, "येते बाई," आणि पळत जाऊन बसमध्ये चढली.

ब्याऐंशी साली कंपनीत वर्षाची तपासणी होती. बायांची रांग पडद्याआड सरकत होती. डॉक्टर नवा, तिच्याच वयाचा असावा. त्यानं तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, तक्ता वाचायला लावून चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाला, पाठीला नळी लावली.

"मोठा श्वास घ्या. सोडा. परत."

तिनं घेतला, सोडला.

"पोटात आहे का काही?"

"तिसरा महिना."

"मग या दिव्यासमोरच्या कामावरून बदलून मागा. दुसरं काय येतं तुम्हाला?"

तिनं जरा वेळ विचार केला. मागच्या बाईनं, जागा सोड की गं, म्हणून कोपर लावलं.

"दुसरं काही नाही," ती म्हणाली, आणि पदर सारखा करत पडद्याबाहेर आली.